जोगेंद्रनाथ मंडल : कायदामंत्री ते निर्वासित

महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल यांचे नाव आपल्या चळवळीत एका वाक्यापुरते उरले आहे. बाबासाहेबांना बंगालमधून संविधान सभेवर निवडून आणणारे ते हेच. २९ जानेवारीला जयंती आणि ५ ऑक्टोबरला स्मृतिदिन आला की हे वाक्य मोबाइलवर फिरते, खाली जय भीम लिहिलेले असते आणि विषय तिथेच संपतो. त्या माणसाचे पुढे काय झाले, हे फारसे कोणी विचारत नाही.

आम्ही गोंदिया जिल्ह्यात, मुख्यतः अर्जुनी मोरगाव तालुक्यात काम करतो. इथे हा प्रश्न टाळता येत नाही. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या अरुणनगर, गौरनगर अशा वसाहती याच तालुक्यात आहेत आणि त्यांत मंडलांच्याच नमःशूद्र समाजाची माणसे राहतात. याच तालुक्यात गोठणगावजवळ, इटियाडोह धरणाच्या बाजूला, तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. बंगाली वसाहतींत मत आहे, पण जातीचा दाखला नाही. तिबेटी वसाहतीत धम्म आहे, शाळा आहे, विहार आहे, पण अनेकांना या देशाच्या निवडणुकीत मत नाही. मतदार यादीत कोण असावे आणि कोण नसावे यावर सध्या देशभर वाद चालू आहे. अशा वेळी नागरिक नसलेल्याला मत असावे का, असे नुसते विचारले तरी लोक दचकतात. मंडलांचे आयुष्य या प्रश्नाच्या आरपार जाते, म्हणून ते पूर्ण सांगतो.

बारिसालचा वकील

जोगेंद्रनाथांचा जन्म १९०४ सालचा, बाकरगंज म्हणजे आजच्या बारिसाल जिल्ह्यातील मैस्तरकांदी गावचा. नद्या, खाड्या आणि दलदलीचा हा प्रदेश. पावसाळ्यात एका घरातून दुसऱ्या घरी जायला होडी लागते. नमःशूद्र समाज याच पाणथळ जमिनीवर भात पिकवणारा, होड्या चालवणारा, मासे धरणारा. सवर्ण बंगाली त्यांना चांडाल म्हणत आणि सरकारी कागदांतही तेच लिहिले जाई. लांबलचक लढ्यानंतर १९११ च्या जनगणनेत ते नाव गेले आणि नमःशूद्र हे नाव आले. या लढ्यामागे हरिचांद ठाकूर आणि त्यांचे पुत्र गुरुचांद ठाकूर यांनी उभा केलेला मतुआ पंथ होता. गुरुचांदांनी भजनाइतकाच शाळांवर जोर दिला. महाराष्ट्रात जे काम फुल्यांनी सुरू केले, त्याच जातीचे काम बंगालच्या बिलांमध्ये हे लोक करत होते. आपल्याकडच्या पुस्तकांत त्यांना जागा मिळाली नाही, हे आपलेही दुर्दैव.

गरीब शेतकऱ्याच्या घरातला हा मुलगा बारिसालच्या ब्रजमोहन कॉलेजातून पदवीधर झाला आणि पुढे कलकत्त्यात कायदा शिकून वकील झाला. १९३७ साली प्रांतिक निवडणुका आल्या. तेव्हा मत सर्वांना नव्हते. जमीन, कर, शिक्षण अशा अटी होत्या. भूमिहीन मजूर, बहुसंख्य बायका, बहुतेक दलित यादीबाहेरच होते. म्हणजे देशात जन्मलेले, पिढ्यान्‌पिढ्या राबलेले कोट्यवधी लोक स्वतःच्याच गावात मतदार नव्हते. ही गोष्ट आपण विसरतो. मत नसलेला माणूस परकाच असतो असे नाही, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलेले आहे. म्हणूनच बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे पहिली मागणी केली ती अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणण्याची आणि त्यांच्या स्वतंत्र प्रतिनिधित्वाची.

या मर्यादित मतदार यादीवर जोगेंद्रनाथ उभे राहिले, तेही राखीव नव्हे तर सर्वसाधारण जागेवरून. समोर काँग्रेसचे सरलकुमार दत्त होते. बारिसालचे थोर नेते अश्विनीकुमार दत्त यांचे ते पुतणे. शहरातली वजनदार माणसे, जमीनदार, वर्तमानपत्रे सारी दत्तांच्या बाजूला. निवडून आले मंडल. बंगालच्या राजकारणात ही मोठी बातमी होती.

सुरुवातीला ते बोस बंधूंच्या जवळ होते. सुभाषबाबू काँग्रेसमधून दूर झाल्यावर मंडलांना तिथे काही उरले नाही. १९४३ मध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या आमदारांचा एक गट बरोबर घेऊन ख्वाजा नाझिमुद्दीन यांच्या मुस्लिम लीग मंत्रिमंडळाला पाठिंबा दिला आणि ते सहकारी पतपुरवठा व ग्रामीण कर्जबाजारीपणा या खात्याचे मंत्री झाले. त्याच वर्षी त्यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची बंगाल शाखा काढली. त्यांचा हिशेब सरळ होता. पूर्व बंगालमध्ये नमःशूद्र आणि मुसलमान दोघेही कुळे, दोघेही कर्जबाजारी. जमीनदार आणि सावकार बहुतेक सवर्ण हिंदू. मग कुळांनी कुळांबरोबर जावे. समाजशास्त्राच्या वर्गात या हिशेबाला आम्ही पूर्ण गुण दिले असते. इतिहासाने दिले नाहीत.

संविधान सभेची जागा

१९४६ च्या निवडणुकीत फेडरेशनचा देशभर दारुण पराभव झाला. बंगालमध्ये फेडरेशनचे एकटे मंडल निवडून आले आणि सुऱ्हावर्दींच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. मुंबई प्रांतात बाबासाहेबांना संविधान सभेवर पाठवायला फेडरेशनकडे आमदारच नव्हते. मंडलांनी त्यांना बंगालमधून उभे राहायला सांगितले. जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब निवडून आले. काँग्रेसच्या तिकिटावर आलेल्या काही अनुसूचित जातींच्या आमदारांनीही पक्षाचा आदेश झुगारून त्यांना मत दिले.

इथे कार्यकर्त्यांसाठी एक दुरुस्ती. बाबासाहेब जेसोर-खुलना मतदारसंघातून निवडून आले आणि म्हणून सूड म्हणून ते जिल्हे पाकिस्तानला देऊन टाकले, असे भाषणांत सर्रास सांगितले जाते. संविधान सभेचे सदस्य जनतेने जिल्ह्यावार निवडलेले नव्हते. प्रांताच्या कायदेमंडळातील आमदारांनी एकल संक्रमणीय मतपद्धतीने त्यांना निवडले होते. खुलना जिल्ह्यात हिंदू थोडे जास्त असूनही तो पाकिस्तानात गेला आणि मुस्लिमबहुल मुर्शिदाबाद भारतात आला, हे खरे. पण त्याचा संबंध बाबासाहेबांच्या निवडणुकीशी जोडायला आधार नाही. मंडलांचे आणि त्या आमदारांचे श्रेय मुळातच इतके मोठे आहे की त्याला दंतकथेची गरज नाही. बंगालची फाळणी ठरल्यावर ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये बाबासाहेब मुंबईतून, जयकरांनी रिकाम्या केलेल्या जागेवर पुन्हा निवडून आले. तोपर्यंत त्यांचे सभेतले काम सर्वांनी पाहिले होते. बंगालची ती वर्षभराची जागा नसती तर ते दिसले नसते.

ऑक्टोबर १९४६ मध्ये हंगामी सरकारात मुस्लिम लीगने आपल्या पाच जागांपैकी एक मंडलांना दिली आणि ते कायदा खात्याचे सदस्य झाले. त्याआधी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात कत्तल झाली होती, ऑक्टोबरमध्ये नोआखाली पेटले. मंडल लीगबरोबर राहिले. नमःशूद्रांनी दंगलीत कोणाचेही हत्यार बनू नये, असे ते गावोगाव सांगत होते. विरोधकांनी त्यांना जोगेन अली मोल्ला असे हिणवायला सुरुवात केली.

जुलै १९४७ मध्ये आसामच्या सिल्हेट जिल्ह्यात सार्वमत झाले. जिल्हा भारतात राहावा की पूर्व बंगालमध्ये जावा, हे ठरवायचे होते. मंडल लीगच्या बाजूने प्रचाराला गेले. निकाल पाकिस्तानच्या बाजूने लागला. या सार्वमतात चहामळ्यांतल्या मजुरांच्या खास मतदारसंघांतील लोकांना मत नव्हते. हे मजूर छोटा नागपूर, ओडिशा, मध्य प्रांत अशा ठिकाणांहून आणलेले आदिवासी आणि दलित. जमीन कोणत्या देशात जाणार हे ठरत असताना त्या जमिनीवर घाम गाळणाऱ्याला विचारायचे नाही, कारण तो मुळचा इथला नाही. मंडलांनी त्या वेळी या मजुरांसाठी आवाज उठवायला हवा होता, असे आम्हाला वाटते. त्यांच्या आयुष्याचा आदर करतानाही हे म्हटले पाहिजे.

कराची

१० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक भरली. तात्पुरते अध्यक्ष म्हणून मंडलांची निवड झाली. दुसऱ्या दिवशी जिना अध्यक्ष झाले आणि त्यांनी धर्म हा राज्यकारभाराचा विषय नसेल अशा आशयाचे भाषण केले. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदा आणि कामगार मंत्री झाले. त्याच दिवसांत दिल्लीत बाबासाहेब भारताचे पहिले कायदामंत्री झाले. दोन नव्या देशांचे पहिले कायदामंत्री एकाच फेडरेशनचे, दोघेही अस्पृश्य समाजातले.

पण दोघांचे रस्ते तेव्हाच वेगळे झाले होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पाकिस्तानातील अनुसूचित जातींना जाहीर निवेदनातून सांगितले की मिळेल त्या मार्गाने भारतात या आणि लीगवर विसंबू नका. कराचीतल्या सफाई कामगारांना अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली देश सोडू दिला जात नव्हता. त्याची तक्रार बाबासाहेबांनी नेहरूंकडे केली. मैला उचलायला माणूस हवा म्हणून त्याला सीमेवर अडवायचे. मंडल मात्र आपल्या लोकांना थांबा म्हणत राहिले. त्यांचा विश्वास लिखित हमीवर होता. घटना होईल, प्रतिनिधित्व मिळेल, नोकऱ्यांत वाटा मिळेल.

मार्च १९४९ मध्ये पाकिस्तानच्या सभेत उद्देश ठराव आला, पूर्व बंगालच्या हिंदू सदस्यांनी त्याला हरकत घेतली, तरी तो मंजूर झाला. फेब्रुवारी १९५० मध्ये पूर्व बंगालमध्ये मोठ्या दंगली झाल्या. मंडलांच्या स्वतःच्या बारिसाल जिल्ह्यात माणसे कापली गेली. एप्रिलमध्ये नेहरू-लियाकत करार झाला, कागदावर अल्पसंख्याकांना सारे हक्क मिळाले, पण लोक सीमा ओलांडतच राहिले. मंडल कलकत्त्याला आले आणि ८ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांनी लियाकत अली खान यांना राजीनामा पाठवला. ते पत्र खूप लांब आहे. गावागावांची नावे, तारखा, पोलिसांची वागणूक, न पाळलेली वचने असा वकिलाने तयार केलेला दावाच तो. आज काही संघटना त्या पत्राचा अर्धाच भाग वाटतात, मुसलमानांविरुद्धचा पुरावा म्हणून. त्याच पत्रात त्यांनी लीगबरोबर का गेलो हेही लिहिले आहे. त्या भागात सवर्ण हिंदूंच्या वागणुकीवर आणि गरीब मुसलमान व नमःशूद्र यांच्या समान दारिद्र्यावर बोट ठेवलेले आहे. तो भाग वाटला जात नाही.

तारखांचा खेळ

आता मूळ मुद्द्याकडे येतो. भारताचे संविधान २६ जानेवारी १९५० ला लागू झाले. बारिसालची दंगल फेब्रुवारीतली. कलम ६ प्रमाणे पाकिस्तानातून १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन इथे राहिलेला माणूस आपोआप नागरिक होता. त्यानंतर आलेल्याला सहा महिने राहून, संविधान लागू होण्याआधीच नोंदणी करायची होती. म्हणजे दंगलीत घर जळाल्यावर जो आला त्याच्यासाठी दार आधीच बंद झालेले होते. पुढचा कायदा यायला १९५५ चे डिसेंबर उजाडले. पाकिस्तानचा माजी कायदामंत्री आणि बारिसालचा कुळकरी, दोघेही या फटीत सापडले.

बाबासाहेबांना ही फट माहीत होती. १० ऑगस्ट १९४९ रोजी नागरिकत्वाची कलमे सभेत मांडताना त्यांनी स्पष्ट केले होते की ही कायमची व्यवस्था नाही, संविधान सुरू होण्याच्या दिवशी नागरिक कोण एवढेच ती ठरवते आणि पुढचे संसदेने ठरवावे. त्याच्या दोन महिने आधी, १५ जून १९४९ ला, निवडणूक आयोग केंद्राच्या हाती का असावा हे सांगताना त्यांनी एक कारण दिले होते. काही प्रांतांत तिथल्या बहुसंख्याकांहून वंशाने, भाषेने किंवा संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांना मतदार यादीतून वगळण्याचे प्रकार चालू आहेत, अशा तक्रारी आल्या होत्या. त्यांना रोखायचे होते. आजच्या आयोगाच्या कार्यालयात हा संदर्भ टांगून ठेवायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या तरुणांना ठाऊक नसते. १९४८ मध्ये पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या बनवायला घेतल्या, तेव्हा संविधान झालेले नव्हते, म्हणजे भारतीय नागरिक कोण हेच कायद्याने ठरलेले नव्हते. निर्वासित छावण्यांत लाखो लोक होते. त्यांचे काय करायचे? संविधान सभेच्या सचिवालयाने असे कळवले की इथे कायम राहण्याचा इरादा असल्याचे जाहीर केले तर त्यांची नावे तात्पुरती घ्यावीत, किती दिवस राहिले हे पाहत बसू नये. या प्रजासत्ताकाच्या पहिल्या मतदार यादीची सुरुवातच अशी, आधी नाव आणि मग नागरिकत्व. नागरिक नसलेल्याचे नाव यादीत येणे म्हणजे आभाळ कोसळणे नव्हे, हे आपल्याच देशाने तेव्हा मान्य केले होते.

मंडलांनी पुढची अठरा वर्षे कलकत्त्याच्या गरीब वस्तीत काढली. काँग्रेसला ते पाकिस्तानचे माणूस वाटत, डाव्यांना जातीचे राजकारण करणारे वाटत. निर्वासितांत त्यांचे लोक होते, पण ते लोक एकत्र राहू दिले गेले नाहीत. सवर्ण निर्वासितांनी कलकत्त्याच्या आसपास जमिनी ताब्यात घेऊन वसाहती उभ्या केल्या आणि कालांतराने त्या कायदेशीर झाल्या. नमःशूद्र शेतकरी मात्र छावण्यांत होते आणि १९५८ च्या दंडकारण्य प्रकल्पानंतर त्यांना बस्तर, कोरापूटच्या जंगलात पाठवायला सुरुवात झाली. मंडल या सक्तीच्या पाठवणीविरुद्धच्या आंदोलनात उतरले. पाण्यात वाढलेल्या माणसाला कोरड्या खडकाळ जमिनीवर नेऊन टाकू नका, बंगालमध्येच जागा द्या, अशी मागणी होती. ती ऐकली गेली नाही. एके काळी ज्या समाजाच्या मतांवर बंगालची मंत्रिमंडळे टिकत, तो समाज वेगवेगळ्या राज्यांत मूठमूठ पेरला गेला. हे मुद्दाम केले की सोयीने झाले, यावर अभ्यासकांत वाद आहे. परिणाम मात्र एकच. कुठल्याच मतदारसंघात ते निर्णायक उरले नाहीत.

मंडलांनी त्या वर्षांत अनेक निवडणुका लढवल्या, शेवटी रिपब्लिकन पक्षाच्या वतीनेही. एकही जिंकता आली नाही. बाबासाहेबही १९५२ ला उत्तर मुंबईत आणि १९५४ ला पोटनिवडणुकीत भंडाऱ्यात हरले होते. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. आमच्या जिल्ह्याने बाबासाहेबांना हरवले आहे, ही गोष्ट इथल्या भाषणांत लोक घाईने ओलांडतात.

अर्जुनी मोरगाव

पूर्व बंगालच्या निर्वासितांचे काही जथे महाराष्ट्रातही आले. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीत, आणि भंडाऱ्याच्या अर्जुनी भागात सरकारनेच त्यांना आणून वसवले. ते आज भात पिकवतात, मासे पाळतात, बाजारात मराठी आणि घरी बंगाली बोलतात. त्यांना मत आहे. पण नमःशूद्र ही जात पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणून इथे जन्मलेल्या मुलांना अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. ज्या समाजातून मंडल आले, ज्याच्या आमदारांनी बाबासाहेबांना सभेत पाठवले, त्याची पोरे गोंदियाच्या कॉलेजात खुल्या प्रवर्गात अर्ज भरतात. बौद्ध झालेल्या आपल्या लोकांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले, त्यामुळे ही वेदना आपल्याला समजावून सांगावी लागू नये.

या वसाहतींबद्दल गोंड-हलबा तरुणांशी बोलताना दुसरी बाजूही ऐकू येते. आमचे जंगल तोडून यांना जमिनी दिल्या, आमच्या वनहक्कांचे दावे मात्र पडून आहेत, असे ते म्हणतात. ही तक्रार खोटी नाही. बाहेरून आलेल्याला मत द्यावे की नाही यावर बोलताना, आधीपासून असलेल्याचे काय, हा प्रश्न आदिवासी विचारणारच. फक्त त्याचे उत्तर निर्वासिताचे मत काढून घेणे हे नसून वनहक्काचे दावे निकाली काढणे हे आहे.

नोर्ग्येलिंगची गोष्ट वेगळी. ही वसाहत १९७२ ची. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस कायद्याने जन्मतः नागरिक आहे, तिबेटी असला तरी. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हे मान्य केले आणि २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने अशांची नावे मतदार यादीत घ्यायला सांगितले. सगळ्यांनी ती घेतली नाहीत. काहींना वाटते की भारतीय मतदार झालो तर तिबेटवरचा हक्क सोडल्यासारखे होईल. २०१७ मध्ये भारतीय पासपोर्ट मागणाऱ्या तिबेटींना नोंदणी प्रमाणपत्र परत करावे, वसाहतीत राहू नये अशा अटी घातल्या गेल्या, त्याची भीतीही आहे. १९८७ नंतर जन्मलेल्यांना, ज्यांचे आईवडील दोघेही नागरिक नाहीत, हा मार्गच नाही. आणि तरीही हे लोक मतदानाला नवखे नाहीत. दर पाच वर्षांनी ते आपल्या निर्वासित संसदेसाठी आणि आपल्या प्रमुखासाठी वसाहतीत मत देतात. शेजारच्या गावातल्या ग्रामपंचायतीसाठी मात्र देऊ शकत नाहीत. रस्ता, पाणी, दिवाबत्ती दोघांचीही एकच.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात बौद्ध हा शब्द आहे, म्हणून आपल्यातले काही लोक खूश झाले. तो पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या बौद्धांसाठी आहे. तिबेटी त्यात नाहीत. अरुणाचलातले चकमा बौद्ध १९६४ पासून आलेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये त्यांच्या बाजूने आदेश दिले, तरी त्यांची फरफट संपलेली नाही. धर्म पाहून दार उघडणारा कायदा आपल्या धर्मबांधवांनाही पुरत नाही आणि मुसलमानाला तर मुद्दाम बाहेर ठेवतो. आपण त्यावर समाधानी राहू नये.

मग आमचे म्हणणे काय? लोकसभा आणि विधानसभेसाठी कलम ३२६ नागरिकत्व मागते, ते राहू द्यावे, पण वीस-तीस वर्षे इथे राहिलेल्याला नागरिक होण्याचा सरळ रस्ता द्यावा. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेसाठी मात्र दीर्घकाळ राहणाऱ्या प्रत्येकाला मत असावे, नागरिक असो वा नसो. ग्रामपंचायतीची यादी आज विधानसभेच्या यादीवरून बनते, म्हणून वरची अट खाली उतरते. ही व्यवस्था कायद्याने बदलता येते. जगात हे नवीन नाही. न्यूझीलंडमध्ये कायम निवासी लोक १९७५ पासून संसदेच्या निवडणुकीतही मत देतात. ब्रिटनमध्ये तिथे रीतसर राहणारा भारतीय नागरिक, राष्ट्रकुल देशाचा म्हणून, पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देतो. नागपूरहून लंडनला नोकरीसाठी गेलेला आपला बौद्ध तरुण तिथे मत देतो आणि इथे तिबेटी भिक्खूला गावच्या सरपंचासाठीही मत नको म्हणतो, हे आम्ही पाहिले आहे.

परकी सत्ता अशा मतांचा वापर करील, अशी शंका घेतली जाते. संरक्षण आणि परराष्ट्र धोरण ग्रामपंचायतीत ठरत नाही. दुसरी शंका अशी की नेते बाहेरच्यांना आणून मतपेढ्या बनवतील. त्यासाठी निवासाची दहा वर्षांची अट पुरेशी आहे. खरे म्हणजे ज्याला मत नाही तोच नेत्याच्या मर्जीवर जगतो. मंडलांच्या लोकांना दंडकारण्यात पाठवणे सोपे गेले, याचे एक कारण छावणीतल्या माणसाकडे विरोध नोंदवायला मतपेटी नव्हती हे आहे.

दंडकारण्यातून हजारो नमःशूद्र १९७८ मध्ये परत बंगालकडे निघाले आणि सुंदरबनातील मरीचझापी बेटावर जाऊन राहिले. १९७९ मध्ये तिथे नाकेबंदी झाली, पोलिसांनी बेट रिकामे केले, माणसे मेली. मंडल हे पाहायला नव्हते. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी सीमेजवळच्या बनगाव येथे त्यांचे निधन झाले. त्याच बनगाव भागात आज मतुआ समाजाची मोठी वस्ती आहे. २०२५ मध्ये बंगालच्या मतदार याद्यांची विशेष फेरतपासणी सुरू झाली, तेव्हा २००२ च्या यादीत स्वतःचे किंवा आईवडिलांचे नाव शोधत तिथले लोक रांगेत उभे होते.